लादीखाली जाणारी बोटं

"तुमी खालीच थांबा न बाई. प्रसाद भेटते तुमाले."

नातवंडांनो, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तुमच्याहून लहान होते. ते आत्ता लिहिते आहे, कारण तुमच्या आईने फोनवर विचारलं, "या गुडघ्यांनी रोज त्या टेकडीवर कशाला जातेस?" मला ते तिला फोनवर नीट सांगता आलं नाही.

चंद्रपूरबाहेर, मोहाच्या झाडीआड एक टेकडी आहे. तिच्यात दगड कोरून केलेलं जुनं लेणं. गाव त्याला देवीचं भुयार म्हणतं. माझी माय पाटलीणबाईंच्या बांधीत धानाची रोवणी करायची. रोवणी संपली की पाटलीणबाई मजूर बायकांना घेऊन देवीला नारळ फोडायला जायच्या. बाकीच्या वर जायच्या. आम्हाला पाटलीणबाई पायऱ्यांखालीच थांबायला सांगायच्या. खोबरं वरून सोडायचं, आम्ही पदरात झेलायचं. हात लागता कामा नये.

मला पदर नव्हता. मी हात पुढे केला. पाटलीणबाईंनी झटकन आपला हात मागे घेतला. तुकडा मातीत पडला.

"उचल न पोरी. देवाचं हाये."

मी उभीच.

"मास्तरीण व्हाचं हाये तिले. कंबर वाकत नाई," वरून कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

मी मान वर करून त्यांच्यामागे पाहिलं. दारातून आतली मूर्ती दिसत होती. शेंदराने थापलेली. मांडी घातलेली. लांब कान. उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीला टेकलेली. आमच्या विहारातल्या तसबिरीत हीच बैठक होती, भूमीला साक्षी ठेवणारी.

"माय, हे देवी नाई. हा तं आपला बुद्ध!"

मायने माझं तोंड दाबलं. "चूप. काम बंद करतीन."

मी वाकले नाही. मायच वाकली. तुकडा उचलला, लुगड्याला पुसला, त्यांच्यासमोर खाल्ला. ते चावणं मला अजून ऐकू येतं.

मी खरंच मास्तरीण झाले. इंग्रजी शिकवली. पाटलीणबाईंचा नातू माझ्याच वर्गात होता. आज तो मंदिर समितीचा प्रमुख आहे. पायरीवर आता कोणी अडवत नाही. आता अडवायची रीत सभ्य आहे.

लहानपणी पाहिलेली ती बोटं पुढे वर्षानुवर्षांच्या शेंदरात बुजून गेली होती. या हिवाळ्यात ती जाड खोळ हातावरून गळून पडली. खाली दगडाची बोटं निघाली. विहारातल्या बायका मेणबत्त्या घेऊन येऊ लागल्या. लगेच समितीने लाद्या आणल्या. गाभाऱ्यात सिमेंट टाकून जमीन उंच करायची. बोटं गाडली जाणार. मग हात नुसता गुडघ्यावर ठेवलेला दिसेल. कुठल्याही देवीचा.

मी गेले तेव्हा मिस्त्री माल कालवत होता.

"मॅडम, पाय घसरते म्हणून लादी लावून राह्यलो," पाटलीणबाईंचा नातू म्हणाला. "तुमी शिकलेल्या. समजून घ्या. खुर्ची टाकतो, बाहेर बसा. प्रसाद तिथीच आणून देतो."

तेच वाक्य. फक्त खुर्चीची भर.

मी चपला काढल्या. आत गेले. मूर्तीशेजारी जमिनीवर बसले आणि त्या बोटांपुढे माझा पंजा टेकवला.

"लाव लादी. आधी माझ्या हातावर."

"मॅडम, हे काय करून राह्यल्या? लोक पाहतात."

"पाहू दे. आजवर आम्ही खालून पाहिलं."

मिस्त्रीने थापी खाली ठेवली. कालवलेला माल बाहेरच दगड झाला. "किती दिवस बसान?" नातवाने जाताना विचारलं. आवाजात आता मॅडम नव्हतं.

त्या दिवसापासून मी रोज जाते. मला जमलं नाही तर विहारातली एक बाई बसते. सरकारी कचेरीत तक्रार दिली आहे, उत्तर नाही. लाद्या अजून दाराशी रचून ठेवल्या आहेत. ते वाट पाहताहेत, मी मरायची. मरेन. मग दुसरी बसेल. आमच्यातलं कोणी आता खाली थांबणार नाही, आणि वरून सोडलेलं झेलणार नाही.

मूर्तीचं नाक नाही. एक कान झिजला आहे. छातीवर शेंदूर तसाच आहे. उजव्या हाताची बोटं शाबूत आहेत, आणि जमिनीला टेकलेली आहेत.