आईच्या हातावरचं नाव

फाउंडेशनची ट्यूब उघडली, की त्या वासासरशी मला भाईंदर पश्चिमेचा एक दवाखाना आठवतो. बाबा गेल्यावर आई तिथे रिसेप्शनिस्टच्या मुलाखतीला गेली, सोबत मी होते. तिच्या हातावर गोंदलेलं बाबांचं नाव मीच फाउंडेशनने झाकलं होतं. मुलाखत चालू असतानाच घामाने फाउंडेशन ओघळायला लागलं. नोकरी हातची गेली, असंच वाटलं.

"हे काय?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"मिस्टरांचं नाव."

"पेशंटसमोर बरं दिसत नाही. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालाल ना?"

"घालीन, मॅडम."

नोकरी मिळाली. रिक्षात मी आनंदाने बडबडत होते. आई मात्र पदराने हात पुसत राहिली, अक्षरं पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "आई, पदर खराब होतोय गं."