वाढवलेली आग
जळक्या रबराचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. काही वर्षांपूर्वी आमच्या न्यूज चॅनलला एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. विकायला आलेल्या माणसाने, मी सकाळीच चाकणहून शूट करून आणलेली रबर कारखान्याची आग स्क्रीनवर घेतली आणि एका क्लिकवर ज्वाळा दुप्पट केल्या. "हेच घ्या राव!" चॅनलचे मालक खूश. "सर, माणसं होरपळलीत तिथं," मी चिडून म्हणालो. "मग? आग लागलीच होती ना?" माझ्या शर्टाला अजून धुराचा वास येत होता. सॉफ्टवेअर तेच आलं. परवा चाकणचीच दुसरी आग शूट करून रहाटणीला घरी पोचलो, तर शेजारचे काका टीव्हीवर तीच आग बघून हसत होते, "एवढी नसणार रे, वाढवून दाखवतात!" या वेळी कुणी काहीच वाढवलं नव्हतं.