पुंजाबाबाची अडीच महिन्यांची शाळा

२००३ साली हिरामणने आपली सगळी रजा आजोबांना शोधण्यात घालवली. आजोबा, म्हणजे पुंजाबाबा, वारून वीस वर्षं झाली होती.

हिरामण सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता. मुलगी हर्षाली बारावी झालेली, तिला नर्सिंगला जायचं होतं. राखीव जागेसाठी जात पडताळणी हवी, आणि पडताळणीला १९५०च्या आधीचा, 'कोकणा' ही त्यांची आदिवासी जमात लिहिलेला घरातला एखादा कागद. हिरामणच्या वडिलांचा शाळेचा दाखला १९५६चा. म्हणजे पुंजाबाबांचाच कागद काढायचा. पण ते तर जन्मभर अंगठा उठवत आलेले.

दिंडोरीच्या पश्चिमेला डोंगरातल्या गावी हिरामणने चार खेपा घातल्या. जुन्या सातबाऱ्यावर नाव सापडलं, पण त्यावर जात नसते. शेवटी शेजारच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांनी कपाटाच्या तळातून एक रजिस्टर काढलं. 'पुंज्या लहान्या. कोकणा. दाखल जून १९३१. सोडले १९ ऑगस्ट १९३१. शेरा : बाप मयत.'

हिरामणने ती ओळ चारदा वाचली. पुंजाबाबा शाळेत गेले होते!

आत्या झुंबरबाई ऐकून म्हणाली, "बा शाळेत गेलता? मला कधी बोलला नाय रे."

हिरामण नक्कल घेऊन पडताळणीच्या ऑफिसात गेला. कारकुनाने कागद उलटसुलट केला.

"यावर पुंज्या आहे. तुमच्या कागदांवर पुंजा लहानू. हा तुमचाच आजोबा कशावरून?"

"साहेब, तेव्हाचे मास्तर आमच्या लोकांची नावं अशीच लिहायचे."

"असेल. पण ते मी फायलीत कसं लिहू?"

हिरामणला तो कागद त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. फेकला नाही. पुन्हा रजा टाकली आणि गावचं मृत्यूचं जुनं रजिस्टर शोधायला निघाला. ते मिळालं, तर मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी गाठले. ते बोट ठेवत वाचू लागले, "लहानू, कोकणा. मयत १७ ऑगस्ट १९३१. पटकीने. खबर दिली मुलगा पुंजा, वय नऊ."

हिरामणला पुढचं ऐकूच आलं नाही. नऊ वर्षांचं पोर एकटंच बाप मेल्याचं सांगायला गेलं होतं.

गाव, बाप, महिना, सगळं जुळलं. तरी फाईल हलली नाही. कधी साहेब दौऱ्यावर, कधी सुनावणी पुढे ढकललेली. प्रवेश सप्टेंबरात संपले. प्रमाणपत्र डिसेंबरात हातात पडलं. सही करून घेताना कारकून म्हणाला, "झालं ना काम? पेढे कुठंयत?"

हिरामण प्रमाणपत्र घेऊन जिना उतरला.

हर्षालीने तोवर बी.एस्सी.ला नाव घातलं होतं. ते सोडून पुढच्या वर्षी ती नर्सिंगला गेली. वर्ष गेल्याचं तिने कधी बोलून दाखवलं नाही. हिरामणला मात्र त्या ऑफिसवरून बस गेली की अजून कपाळाची शीर उडते.