चार नंबरचे बूट

भुसाराचं दुकान टाकलं की उंदीर येतात, सेफ्टीच्या सामानाचं टाकलं की किस्से येतात. उंदरांना पिंजरा लावता येतो, किश्शांना काय लावणार? क्रांती चौकाजवळ माझं दुकान. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, बूट, वाळूजच्या कारखान्यांना लागतं ते सगळं. माझी शाळा नववीतच सुटली, पण कामगारांच्या भल्याची धोरणं कशी राबवतात, हे शिक्षण मला गल्ल्यावर बसल्या बसल्या मिळालं. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगता सांगता राग चढतो. चहा घ्या, सांगतो.

*

रंगनाथ हा लेबर कॉन्ट्रॅक्टर. एका कंपनीला माणसं पुरवतो. बोलायला गोड. एके सकाळी धापा टाकत आला.

"शेठ, हेल्मेट द्या पोतंभर. संध्याकाळी आणून देतो परत."

"परत? हे काय लग्नातली भांडी आहेत का?"

"आज तपासणीला साहेब येनार हायेत हो!"

"आणि उद्या माणसांच्या डोक्यावर काय?"

"तुमी बी शेठ! डोकी रोजचीच हायेत, साहेब कधीतरी येतो!"

मी दिली नाहीत. त्यानं दुसरीकडून आणली. तपासणी एकदम झकास झाली म्हणे!

*

त्याच कंपनीत कायम कामगारांना पांढरं, जाड हेल्मेट. रंगनाथच्या माणसांना पिवळं, हलकं. काम एकच, छप्पर एकच, वरून फिरणारी क्रेनही एकच. कंपनीचे एचआर साहेब ऑर्डर द्यायला आले, तेव्हा मी विचारलं, "असा फरक का हो?"

"पॉलिसी आहे," साहेब म्हणाले.

काउंटरवर मंगलताई उभ्या होत्या. त्याच कंपनीत, रंगनाथच्याच माणसांत, पॅकिंगला. हातमोजे घ्यायला आल्या होत्या, कारण कंपनीचे फाटले होते आणि नवे यायचे होते. हे यायचे हातमोजे कधी येत नाहीत, हा माझा अनुभव.

"साहेब," त्या म्हणाल्या, "क्रेनला रंग वळखता येतो व्हय?"

साहेब मोबाइल बघायला लागले!

*

गारखेड्यात एक कौशल्य प्रशिक्षणाचा क्लास निघाला. वेल्डिंगचा कोर्स. तिथले संचालक आले आणि ठिणग्यांपासून वाचायला डोळ्यांपुढं धरतात ती वेल्डिंगची काच, एकच मागितली.

मी म्हटलं, "बॅच मोठी आहे ना?"

"फोटोपुरती पाहिजे. आळीपाळीनं धरतील."

"आणि वेल्डिंग?"

"ते फळ्यावर शिकवतो आम्ही. प्रॅक्टिकल कंपनीत गेल्यावर होतंच!"

कंपनीत गेल्यावर काय होतं, मला ठाऊक आहे. "आधी अनुभव आणा," म्हणतात. मी काच बांधून दिली आणि म्हटलं, "जपून हो. फळ्याला भोक पडायचं!"

*

आता मंगलताईंचं सांगतो, कारण खरा संताप इथं आहे.

बाई आयटीआयमधून मशिनिस्ट झालेल्या. कंपनीत मशीनवर जागा निघाली. पॅकिंगला राहिलं तर जन्मभर हेल्पर. मशीनवर गेलं तर ऑपरेटर. पगार वेगळा, मान वेगळा, आणि उद्या कंपनी बदलली तरी हातातलं काम आपलंच. पण नियम असा, की सेफ्टी बूट नसतील तर मशीनच्या शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही. नियम चांगलाच आहे, माझं पोट त्याच्यावर चालतं. पण ताईंचा पाय चार नंबरचा आणि कंपनीत सगळ्यात लहान बूट सातचा!

त्या सातमध्ये कापडाचे बोळे कोंबून चाचणीला गेल्या. चालताना अडखळल्या. सुपरवायझरनं शेरा मारला, "बायकांना मशीन झेपत नाही."

मी एचआर साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "शेठजी, आमच्याकडं स्त्री-पुरुष भेदभाव अजिबात नाही. सगळ्यांना एकच माप! आणि लहान नंबर बाजारात मिळतो कुठं?"

शहागंजात आमचे सलीमभाई, बुटांचे ठोक व्यापारी. त्यांना विचारलं.

"शेठ, औरतां के नाप का जूता मैं कायकू रखूं? कंपनीवाले मांगतेच नहीं!"

कंपनी म्हणते मिळत नाही, व्यापारी म्हणतो मागत नाही. मध्ये बाई अनवाणी!

मी म्हटलं, "मागवा. मी घेतो."

"पेटी आएगी पूरी. बाकी के जोड़े दुकान में नचाओगे क्या?"

"नाचवीन!"

पेटी आली. एक जोड मी मंगलताईंना दिला. त्यांनी दुकानातच घातला, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "आता घेऊ द्या म्हनाव चाचनी," एवढंच बोलल्या. पुन्हा चाचणी झाली आणि बाई मशीनवर लागल्या.

*

मधल्या काळात कंपनीनं कामगारांसाठी तणावमुक्तीचं शिबिर घेतलं. पुण्याहून एक बाई आल्या. वेळ कोणती? जेवणाच्या सुट्टीची! सगळ्यांना खाली बसवून म्हणाल्या, "डोळे मिटा. पोटातली शांतता अनुभवा."

मंगलताई डोळे मिटूनच बोलल्या, "मॅडम, पोट लई बोंबलतंय. शांतता डब्यात हाय, डबा लॉकरमध्ये!"

*

मग कंपनीनं महिला सक्षमीकरणाच्या बक्षिसासाठी स्वतःचं नाव दिलं. परीक्षक बघायला येणार म्हणून सप्लायर म्हणून मलाही बोलावलं. रिसेप्शनमध्ये मोठं काचेचं कपाट, आत दिव्याचा झोत, खाली पाटी, 'आमच्या पहिल्या महिला ऑपरेटरचे बूट'. आणि आत मंगलताईंचे बूट! लॉकरमधून काढून, पॉलिश करून ठेवलेले.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्याकडं आख्खी पेटी पडलीय. नवा जोड मागायचा ना!"

"नवा कसा चालेल? ओरिजिनल पाहिजे!"

साहेब गेटवर पाहुण्यांना आणायला गेले, तेवढ्यात शेडकडून मंगलताई आल्या, तरातरा. शेडच्या दारात वॉचमननं अडवलं होतं. बूट नाहीत, आत सोडणार नाही. वर सुपरवायझर म्हणाला होता, "मग आजपासून पॅकिंगलाच बसा."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. त्यांनी कपाट उघडलं, बूट काढले, पाहुण्यांच्या सोफ्यावर बसून नाड्या बांधल्या. पायातल्या चपला तशाच उचलून कपाटात ठेवल्या, काच लावली आणि शेडकडं गेल्या.

पाहुणे आले. साहेब पुढं, पाहुण्यांकडं तोंड आणि काचेकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून समजावत होते. परीक्षक मॅडम कपाटासमोर थांबल्या. चष्मा लावून पाटी वाचली. मग आत बघितलं. टाच झिजलेली, अंगठ्याला दोऱ्यानं शिवलेली, झोतात चमकणारी चपलांची जोडी!

"हेच का ते?" मॅडमनी विचारलं.

साहेब मागं न बघता छाती काढून म्हणाले, "हो मॅडम! कंपनीनंच दिलेत!"