दोन बैलांचा एक सांगाडा

परवा फोनवर बोलता बोलता मी "थांबा, खुर्ची घेते" म्हटलं, तेव्हा धाकटीने विचारलं, का? पाठ दुखते म्हणून. पाठ का दुखते? तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि फोन बंद झाला. जिचा जन्म प्राणिशास्त्र शिकवण्यात गेला, त्या आजीला "का" विचारून असं अर्ध्यावर सोडू नये. म्हणून सवडीने लिहिते आहे. पाठीचं कारण सांगायला मला आधी माशाकडे जावं लागेल, आणि मग धरणगावच्या एका बैलाकडे. खरं तर दोन बैलांकडे.

पाठीचा कणा आधी माशांकडे होता. पाण्यात अंगाचं ओझं पाणीच पेलतं, त्यामुळे माशाच्या कण्याला फक्त डावीउजवीकडे वळवळायचं काम असतं. त्या माशांतल्या काहींचे वंशज जमिनीवर आले, तेव्हा तोच कणा चार खांबांवरच्या पुलासारखा वापरला गेला. फार पुढे आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहिले आणि आडवा पूल उभा झाला. नवा कणा कुणाला मिळाला नाही. जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडी विरली की तिचं पायपुसणं होतं, तसा हा कारभार. आणि ही शिवणटिपण करायला कुणी बसलेलं नसतं. पिलं एकसारखी जन्मत नाहीत. ज्यांना त्या जागी थोडं बरं साधतं ती जगतात, त्यांना पिलं होतात. असं इतका काळ चाललं की शेवटी वटवाघळाचा पंख, देवमाशाचं वल्हं आणि आपला हात वेगळे दिसायला लागले. आत हाडं त्याच क्रमाने.

हे सगळं मी जळगावच्या एका कॉलेजात शिकवत असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. पिंप्राळ्याला आमचं भाड्याचं घर होतं. तुमचे आजोबा बँकेत कारकून, तुमचे बाबा प्राथमिक शाळेत. त्या वर्षांतलं मला मुख्यतः दमणं आठवतं. पहाटे पाणी भरायचं, डबे, स्कूटरवर मागे बसून कॉलेज, उभ्याने तास, उभ्यानेच प्रात्यक्षिकं, परत येऊन उभ्याने स्वयंपाक. मी इंग्रजीतून शिकलेली, पुण्याहून पदवी घेऊन आलेली. विभागात मात्र शिकवणारी, बाटल्यांतला द्रव बदलणारी आणि झुरळं मारणारी मीच.

त्या वर्षी आमच्याकडे प्राणिशास्त्राचा पदवीचा वर्ग नव्याने सुरू झाला होता, तात्पुरत्या परवानगीवर. वर्गात बहुतेक मुली होत्या. बापाने "जळगावात असेल तर शीक" म्हटलेल्या. वर्ग बंद झाला असता तर त्या पुण्याला गेल्या नसत्या, मांडवात गेल्या असत्या. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. मासा, बेडूक, कबुतर आणि ससा यांचे सांगाडे आमच्या कपाटात होते. मोठ्या सस्तन प्राण्याचा नव्हता. मागणी पाठवून वर्ष झालं होतं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, सांगाडा नाही तर वर्ग नाही. काहीतरी बघा."

"काय बघू सर? गुरं मारू?"

"तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या. तुम्हाला काय अवघड?"

ते सहज बोलले, पण मला धरणगावचा लिंब आठवला. तुमच्या आजोबांचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांच्या कपाशीच्या शेताच्या बांधावर तो होता. त्याच्याखाली त्यांनी आपली बैलजोडी पुरली होती. एक बैल गेला, आठवड्याभरात दुसऱ्याने चारा सोडला आणि तोही गेला. नानांनी तोच खड्डा उकरून त्याला पहिल्याच्या शेजारी निजवलं, जुवाखाली असत तसं, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे. वर मिठाची पोती ओतली. त्याला बरीच वर्षं झाली होती, म्हणजे आत आता फक्त हाडं होती.

आता नानांना विचारायचं कसं? त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभं राहायचं आणि सासूबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, तोंडून बोलायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी वर्गात तास तास बोलत होते, पण नानांना एक वाक्य सरळ बोलले नव्हते. ते ओट्यावर, मी दाराआड, अक्का उंबऱ्यावर तांदूळ निवडत. दोघांना दोघांचं सगळं ऐकू येत असे, तरी अक्का प्रत्येक वाक्य पुन्हा सांगत.

त्या रविवारी आम्ही धरणगावला गेलो आणि मी हाडं मागितली. अक्कांनी मान न उचलता सांगितलं, "ती म्हनस, बैलना हाडं कॉलेजले जोयजेत."

नाना म्हणाले, "तिले सांग, जिता व्हता तवय जू, आते मरेलले बी जू?"

जन्मभर ओढलेल्या जनावराला मेल्यावर पुन्हा उभं करायचं, तेही तारांनी बांधून. मी स्वतः इतकी थकलेली होते की मला त्यांचं म्हणणं पटलंच. पण मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर होते. मी अक्कांना म्हटलं, नानांना सांगा, त्यांच्या हातात जी हाडं आहेत तीच बैलाच्या पायात आहेत. मुलींना हे पुस्तकातून कळत नाही, हातात घेऊन कळतं.

"ती म्हनस, तुमना हात आनि बैलना पाय एकच शे."

"मंग मी काय बैल शे?"

"हाई तं मी लगीन व्हयनं तवयपासून म्हनस," अक्का म्हणाल्या आणि सुपातला खडा बाजूला टाकला.

नाना हसले नाहीत. आपला हात उलटा-सुलटा करून बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि अक्कांना वगळून थेट दाराकडे बघून विचारलं, "मंग बैलना बोटं कथा गयात?"

अक्कांचे हात सुपावर थांबले. मी दाराआडूनच, पण सरळ त्यांना सांगितलं की बोटं कुठे गेली नाहीत, नाना. बैल दोन बोटांच्या टोकांवर उभा असतो, खूर म्हणजे त्या बोटांची नखं. मागे दोन खुट्या लोंबतात, तीही बोटंच, बारीक झालेली. अंगठा गेला. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरं तर मनगट. उघड्या माळावर वाघरू मागे लागलं की लांब पायाची, टोकावर पळणारी जनावरं वाचली. त्यांचीच वासरं पुढे आली.

त्यांनी स्वतःची दोन बोटं ओट्यावर टेकवली आणि मनगट वाकवून पाहिलं. मग वशिंडाचं काढलं. त्यांचं म्हणणं, पिढ्यान्‌पिढ्या जू ठेवून ठेवून बैलाच्या मानेवर वशिंड आलं, आणि आत मोठं हाड असणार. मी म्हटलं, जू कधी न पाहिलेल्या गाईलाही वशिंड असतंच. आणि तुमच्या हाताला नांगराचे घट्टे आहेत, ते तुमच्या मुलाच्या हाताला जन्मतः आले का?

"त्याना हात?" अक्का मध्येच म्हणाल्या. "त्याना हात तं लोनी."

तुमचे आजोबा आत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"वशिंडमा हाड नही?" नानांनी पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग दखूत," ते म्हणाले. अट एकच घातली. जोडी तोडायची नाही. न्यायचे तर दोघांना न्या, आणि काम झालं की दोघांना परत आणा.

पुढच्या रविवारी नारळ फोडून खड्डा उघडला. नाना स्वतः आत उतरले. खांद्यावरचे मणके उंच निघाले, पण तसे ते वशिंड नसलेल्या घोड्याचेही असतात. त्याच्या वर काही नव्हतं, नुसती माती. नानांनी बोटांनी ती माती उकरून पाहिली, दुसऱ्या बैलाचीही पाहिली. "बठ्ठं मासच व्हतं," ते म्हणाले, आणि थोडे खजील झाल्यासारखे वर आले.

कपाशीच्या पोत्यांत भरून हाडं टेम्पोने जळगावला आली. कॉलेजच्या मागच्या अंगणात मुलींनी ती घासली, उकळली, वाळत घातली. जुळवायला बसलो तेव्हा अडचण कळली. दोघे खांद्याला खांदा लावून निजलेले, त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकमेकांत मिसळले होते. लिंबाच्या मुळांनी आणखी ढवळलं होतं. कुठला पाय कुठल्या बैलाचा, हे ठरवताना आम्ही कुठेतरी चुकलो. शिवाय बैलाला गळ्याचं हाड नसतं. खांद्याचं फावडं नुसत्या मांसावर टांगलेलं असतं, म्हणून तारेने ते कसंही बसतं. उभा केला तेव्हा सांगाडा एका अंगाला झुकला. पुढचा एक पाय दुसऱ्याहून बोटभर आखूड होता. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. मी पुन्हा सगळं सोडायला बसले, पण पाठ सरळ होईना.

त्याच दुपारी नाना आले. बैल बघायलाच आले होते, समितीचं त्यांना काही नव्हतं. सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हाऊ एक नही."

मी म्हटलं, हो नाना, मिसळले. रात्रीतून बघते काही जमतं का.

"ऱ्हाऊ दे. जोडीच शे."

मग ते खाली बसले. मुली बाजूला सरकल्या. पुढच्या आखूड पायाच्या खुराजवळच्या हाडावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे हाडाला गाठी आलेल्या होत्या, पावावर फुगे येतात तशा. त्यांनी विचारलं हे काय. मी सांगितलं, जड ओझं ओढून सांधा झिजतो आणि कडेने असं हाड वाढतं. जन्मतः नसतं, वासरात उतरत नाही, कामाने येतं.

"आठे दुखत व्हई त्याले?"

"दुखत असणार."

ते बोट तिथेच ठेवून बसले. मग म्हणाले, "शेवटला दोन साल पाय टाके ना. मी म्हनू, आळशी व्हयना. परानी टोचू." टोचायच्या काठीला आमच्याकडे पराणी म्हणतात. एवढं बोलून ते उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मुलींपैकी एकीने त्यांना पाणी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी समिती जेवण करून आली. एक गृहस्थ सांगाड्यापुढे थांबले. "हा जरा तिरका वाटतो."

"फरशी उताराची आहे साहेब," प्राचार्य घाईने म्हणाले.

मी सांगितलं, फरशी सरळ आहे, दोन बैलांची हाडं मिसळली आहेत, आणि कुठली मिसळली असावीत तेही दाखवलं. त्यांनी जांभई आवरली. "दोन्ही बैलच ना? मग झालं." वर्गाला मान्यता मिळाली. मुलींनी पेढे आणले. मी एक खाल्ला आणि घरी जाऊन आडवी झाले.

त्या आठवड्याच्या शेवटी नाना टेम्पो घेऊन आले. प्राचार्य म्हणाले, मॅडम, नवा सांगाडा येईपर्यंत तरी राहू द्या, शिकवणार कशावर? त्यांचंही खरं होतं. मी नानांकडे बघितलं. ते मला म्हणाले, "आते सोड त्यासले." मुलींनी आणि मी पक्कड घेऊन एकेक तार सोडली. वेगळे करता येतील तेवढे करून बांधू का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. सगळं एकत्रच पोत्यांत भरलं, आणि लिंबाखाली ते पुन्हा एकत्रच गेलं. वर्ष संपेपर्यंत मी मुलींना त्यांच्याच हातांवर, खडूने हाडं काढून शिकवलं.

नाना त्यानंतर माझ्याशी सरळच बोलत. अक्कांना ते फारसं आवडलं नाही.

मागच्या महिन्यात इथल्या डॉक्टरांनी माझ्या पाठीचा एक्स-रे काढला. घरी आणून मी तो खिडकीच्या काचेला लावला. कमरेच्या मणक्यांच्या कडेला तशाच गाठी आहेत, पावावरच्या फुग्यांसारख्या. तर धाकटे, तुझं उत्तर हे असं आहे. कणा जुना आहे, तो तुमच्याकडे आलेलाच आहे, तेव्हा टेबलाशी ताठ बसत जा. गाठी माझ्या आहेत, त्या येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, उभ्याने कामं करू नका. अक्का गेल्या, नाना गेले, तुमचे आजोबा अजून म्हणतात की मला दुखण्याचा फार बाऊ करायची सवय आहे. त्यांनाही तो एक्स-रे खिडकीपाशी नेऊन दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्यांनी भरलं.