एका दाढेचा रोजा

लहान मुलांनी रोजा कसा धरावा, हे अख्ख्या खामगावात मला सगळ्यांत जास्त कळत होतं; कारण त्याबद्दल मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मी सुट्टीला घरी आले होते. रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सावलीलाही घाम येतो. भावाची कुलसुम सात वर्षांची. एवढ्या लेकरावर रोजा फर्ज, म्हणजे सक्तीचा, नसतो. पण पहिल्या रोज्याला गळ्यात हार पडतो, हे तिनं पाहिलं होतं. अम्मीनं पोर माझ्या हवाली केली. "तू शिकेल हायेस. पोरीले काही झालं तं तुले विचारीन."

मी ठरवलं, पोरीला चक्कर येऊ द्यायची नाही. (चारचौघांत माझं तोंड उघडत नाही; सात वर्षांच्या मुलीपुढे मात्र आवाज छान फुटतो.)

पहाटे, रोजा सुरू होण्याआधीच्या सहरीला, तिच्यापुढे दही-भाकरी ठेवली आणि पाणी भरपूर का प्यायचं ते समजावलं. चक्कर आली तर हट्ट न करता रोजा सोडायचा, हेही बजावलं. मग घाम, रक्त, मूत्रपिंड असं सगळं सांगत गेले. मूत्रपिंडाशी पोचले आणि अजान झाली; आता खाणंपिणं बंद. कुलसुमचा पेला रिकामा होता. माझा काठोकाठ भरलेला, आणि भाकरी अख्खी.

ऊन चढलं तसं पोरीचं तोंड सुकलं. तेव्हा मी आमच्याकडची जुनी युक्ती काढली: दाढेचा रोजा. उजव्या दाढेनं रोजा धरायचा, डाव्या दाढेनं जेवायचं.

कुलसुमनं विचार केला. "अन् घास इकडून तिकडं गेला तं, फुफी?"

यावर शाळेत काही शिकवलं नव्हतं. "मान डावीकडं कलती ठेव," मी म्हटलं.

ती तशीच जेवली आणि तशीच गल्लीत गेली. थोड्या वेळानं शेजारच्या यमुनाकाकू दारात. "काऊन वो, पोरीची मान लचकली का?" त्यांच्या मागं त्यांची दोन लेकरं, माना वाकड्या करून उभी. त्यांनाही दाढेचा रोजा धरायचा होता. डावी दाढ अर्थात आमच्या स्वयंपाकघरात भरायची होती!

जेवून तिघं उन्हात पळाली. "पळू नका, सावलीत बसा," असं ओरडत मी उन्हात त्यांच्यामागं पळत होते. शेवटी निंबाखाली बसवलं आणि चक्कर कशी ओळखावी ते सांगू लागले. आधी डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मग कानात गुणगुण होते. मी फार बारकाईनं सांगत होते, कारण सगळं मला समोर दिसत होतं.

डोळे उघडले तेव्हा डोकं यमुनाकाकूंच्या मांडीवर, आणि वर गल्लीभर तोंडं. एकानं पाहिलं तरी मी लाजते! अम्मी साखरपाणी घेऊन बसली होती. पोरीसमोर रोजा तोडायचा? मी ओठ घट्ट मिटले.

"चक्कर आली तं हट्ट कराचा नाही, तूच म्हणलं ना?" कुलसुमनं माझी मान धरून डावीकडं वळवली. "पी. उजव्या दाढेचा राह्यते तुहा."

मी प्याले.

संध्याकाळी हार आला. कुलसुमनं तो घटकाभर घातला, काही विचार केला आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात टाकला. "फुफीचा बी पहिलाच हाय. दाढेचा."

सगळे हसले. माझी मान वर झाली नाही. तशीही ती अजून डावीकडंच कललेली होती.