दोन्हीकडचे बांबू

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या अंबरनाथच्या सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली. विषय एकच: बाहेरच्या माणसांना आत घ्यायचं की नाही. खुर्च्या लांब लांब मांडल्यामुळे कुणाचं कुणाला ऐकू जाईना. मग जो बोलायला उठे तो मास्क हनुवटीवर ओढून चार पावलं पुढे येई. संसर्ग कसा टाळावा, यावर आम्ही अशी चर्चा केली.

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यात पाठीला जखम झालेली. त्यांना कुशीवर वळवायला आणि जखम साफ करायला जवळच्या बुवापाड्याच्या वस्तीतून एक बाई यायची. माझ्या एकटीच्याने ते होत नसे. ती मास्क लावून, हात धुऊनच येईल, असं मी सांगितलं.

"वहिनी, प्रश्न तिचा नाही," चेअरमन म्हणाले. "तिथे सगळ्या गल्लीला एक नळ. एकाला झालं की सगळ्यांना."

फॅक्टरीत रोज जाणारे-येणारे आमचे पुरुष मात्र चालत होते, चेअरमन धरून. मी ते तोंडावर बोलले, तर म्हणे ती अत्यावश्यक सेवा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शेवटी ठरलं, बाईने यावं, पण मग रोज ये-जा नाही, आतच राहावं.

मी तणतणत बुवापाड्याला गेले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला, पलीकडे एक काका खुर्ची टाकून बसलेले. त्यांना मी आमच्या मीटिंगमध्ये ठरलेली अट सांगितली.

"ताई, आमची पण मीटिंग झाली," ते म्हणाले. "बिल्डिंगीत कामाला जाईल त्याला लगेच परत घेणार नाय. आधी शाळेत वेगळं राहायचं, मग घरी. रोग तुमच्याकडनं येतो. इथं एक नळ, एकाला झालं का सगळ्यांना."

गच्चीवर याच वाक्याचा मला संताप आला होता. इथे ते खोडता येईना.

काकांच्या मागे उभी राहून बाई ऐकत होती. "जखम कशी हाय?" तिने विचारलं.

"परत ओली झालीय."

ती घरात गेली, पिशवी भरून आली आणि मुलीला शेजारणीच्या हाती देऊन बांबूखालून वाकून बाहेर पडली. सोसायटीत आणि गल्लीत एवढा खल झाला, पण तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

ती सासूबाईंच्याच खोलीत झोपायची. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलगी विचारायची, "आई, कधी येणार?" की बाई माझ्याकडे बघायची. मला फार लाज वाटायची, पण तिला जा म्हणण्याची हिंमत नव्हती.

एकदा कॉल संपल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "हिला घरी जाऊ दे. मी राहीन एका कुशीवर पडून."

बाईने फोन पदराला पुसून खिडकीत ठेवला. "आजी, हात द्या माझ्या खांद्यावर," म्हणाली, आणि त्यांना हळूच दुसऱ्या कुशीवर वळवलं.